बीपी मोजलं, किडनी राहिली

वाकडच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये रविवारी मोफत आरोग्य शिबिर असलं की क्लब हाउसमध्ये सकाळीच टेबलं मांडली जातात. वजनकाटा येतो, बोटाला टोचून साखर सांगणारं यंत्र येतं, डोळे तपासायचा तक्ता भिंतीवर चिकटतो. सगळ्यात लांब रांग बीपीच्या टेबलाशी. दंडाला पट्टा बांधला जातो, आकडा कागदावर चढतो आणि पट्टा सोडता सोडता सल्ला मिळतो: टेन्शन कमी घ्या, मीठ कमी करा, फिरायला जा. या सगळ्या मांडामांडीत लघवीची बाटली मात्र नसते. चारचौघांत ती मागायची कशी, हा एक संकोच. आणि बीपीचा लघवीशी काय संबंध, हा शिबिर भरवणाऱ्यांनाही पडणारा प्रश्न.

संबंध अगदी थेट आहे. दिवसभरात रक्तदाब वर-खाली होतो तो हृदय आणि मज्जातंतूंमुळे. पण वर्षानुवर्षं तो कुठल्या पातळीवर टिकून राहायचा, हे मुख्यतः ठरतं पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या आडोशाला असलेल्या दोन मूत्रपिंडांत. त्यामुळे बीपी मोजायचं आणि किडनी तपासायची नाही, हे काम अर्धंच झालं. पिंपरी-चिंचवड, हिंजवडी आणि चाकणच्या पट्ट्यात शिबिरांची आणि कंपन्यांच्या वार्षिक 'मेडिकल'ची कमतरता नाही. तिथे हे अर्धं काम बिनबोभाट चालू आहे.

याला एक कारण म्हणजे टेन्शन या शब्दावरची आपली श्रद्धा. वाकडकरांना टेन्शन कमी नाही, हे कबूल. भूमकर चौकातली कोंडी, हिंजवडीच्या वाटेवर जाणारा तास-दीड तास, फ्लॅटचा हप्ता, पहाटे कंपनीची बस पकडण्यासाठी केलेली धावपळ. यातल्या प्रत्येक गोष्टीने बीपी चढतं. पण चढलेलं बीपी उतरायलाही हवं. रात्री झोपेत ते दिवसापेक्षा खाली यायला हवं. ते वरच मुक्काम ठोकून राहिलं तर शरीरातला मीठपाण्याचा हिशोब कुठेतरी बदलला आहे असं समजावं, आणि ती हिशोबाची वही किडनीकडे असते. नवल म्हणजे टेन्शनसुद्धा आपलं बरंचसं काम किडनीमार्फतच करून घेतं: ताण आला की मज्जातंतू किडनीलाही संदेश देतात आणि ती रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडते.

या रेनिनचा शोध जुना आहे. १८९८ साली स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्यांचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क काढून दुसऱ्या सशांच्या शिरेत टोचला. रक्तदाब वर गेला. लघवी तयार करणाऱ्या अवयवातून रक्तदाब चढवणारं काही निघतं, ही गोष्ट त्या काळी कोणी फारशी मनावर घेतली नाही. पुढची साडेतीन दशकं ती तशीच पडून राहिली. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीकडे जाणाऱ्या रोहिणीला चांदीचा छोटा चिमटा लावून ती अर्धवट आवळली. मेंदूला, हृदयाला हात लावला नव्हता, तरी कुत्र्यांचं बीपी चढलं आणि चढलेलंच राहिलं.

असं का व्हावं, हे वाकडच्या कुठल्याही टॉवरमधल्या रहिवाशाला चटकन कळेल. समजा बाराव्या मजल्यावरच्या एका घरात नळाला धार बारीक येते. खरा दोष त्या घराच्या वाहिनीत साचलेल्या क्षाराचा आहे, पण तक्रार आली म्हणून पंपवाला अख्ख्या इमारतीचा दाब वाढवतो. त्या घरी पाणी पोचतं. बाकीच्या घरांत मात्र नळांचे वॉशर उडतात, सांधे गळू लागतात. गोल्डब्लाट यांच्या चिमट्याने हेच केलं. किडनीला वाटलं, शरीरात रक्तच कमी झालंय, आणि तिने सगळ्या देहाचा दाब वाढवून घेतला.

तिची पद्धत पाहण्यासारखी आहे. किडनीच्या प्रत्येक सूक्ष्म गाळणीत रक्त शिरतं त्या बारीक रोहिणीच्या भिंतीत काही खास पेशी बसलेल्या असतात. आत येणाऱ्या रक्ताचा जोर कमी झाला, किंवा गाळून पुढे गेलेल्या पाण्यात मीठ कमी दिसलं, की या पेशी रेनिन सोडतात. काटेकोरपणे बोलायचं तर रेनिन हे विकर आहे, पण ते रक्तातून हिंडून दूरवर काम घडवतं म्हणून संप्रेरकांच्या पंगतीत बसतं. यकृताने रक्तात सोडलेल्या एका मोठ्या प्रथिनाचा ते तुकडा पाडतं. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर दुसरं एक विकर असतं, ते या तुकड्याला आणखी कातरतं, आणि मग तयार होतं अँजिओटेन्सिन-२. हे नावही भांडणातून निघालं आहे. ब्यूनोस आयरेसमधला एक गट आणि इंडियानापोलिसमधला दुसरा, दोघांनी १९३९-४० च्या सुमारास एकच पदार्थ स्वतंत्रपणे शोधला, दोघांनी वेगळी नावं ठेवली, आणि जवळपास वीस वर्षांनी दोन्ही नावांची सांधेजोड करून तह झाला.

अँजिओटेन्सिन-२ रक्तात जेमतेम एखादा मिनिट टिकतं. तेवढ्यात ते रक्तवाहिन्या आवळतं, तहान लावतं आणि किडनीच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं: मीठ बाहेर जाऊ देऊ नकोस. मिठामागे पाणी येतंच. वाहिन्या आवळलेल्या आणि त्यांत भरलेला द्रव जास्त, म्हटल्यावर दाब वाढणारच.

जखमी होऊन रक्त वाहिलेल्या, जुलाबाने सुकलेल्या, किंवा मीठ दुर्मीळ असलेल्या मुलखात उन्हातान्हात चालणाऱ्या माणसाला या साखळीने जगवलं. सर्वसाधारण माणसाची किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळते आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं, मिठासकट, परत घेते. इतक्या काटकसरी अवयवाच्या पुढ्यात आपण काय आणून ठेवतो? कॅन्टीनच्या ताटात लोणचं आणि पापड, चहाबरोबर खारी नाहीतर फरसाण, सुटल्यावर वडापावसोबत मीठ लावलेली मिरची, रात्री मागवलेलं हॉटेलचं जेवण. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा. आपण ती आरामात ओलांडतो. निरोगी किडनी जास्तीचं मीठ बाहेर टाकते. मात्र वय, मधुमेह, लठ्ठपणा किंवा आनुवंशिकतेने तिची ही ताकद कमी झाली असेल, तर तेवढंच मीठ टाकायला तिला जास्त दाब लागतो. आणि तो दाब आपल्या दंडावरच्या पट्ट्यात दिसतो.

दाब किडनीबरोबर चालतो, याचा माणसातला पुरावाही आहे. १९८३ साली अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. बीपी सामान्य असलेल्या दात्यांच्या किडन्या त्यांना बसवल्या, जुन्या काढून टाकल्या. सरासरी साडेचार वर्षांनी पाहिलं तर सहाही जणांचं बीपी औषधाशिवाय सामान्य होतं. माणसं तीच, त्यांची घरं आणि चिंता त्याच. बदलली होती फक्त किडनी. सहा हा आकडा लहान आहे, पण पुरावा बोलका आहे.

उपचारांच्या इतिहासात मात्र किडनीची पाळी उशिरा आली, आणि सुरुवातीच्या पाळ्यांतली एक, अभिमानाने सांगायला हरकत नाही, मुंबईची होती. डॉ. रुस्तम जाल वकील या मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा उपयोग दाखवणारा निबंध लिहिला. वैद्यांच्या बटव्यातली ही वनस्पती त्यानंतर जगभर गेली. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. पण सर्पगंधा मुख्यतः मज्जातंतूंवर काम करायची, मन उदास करायची, आणि मागे पडली.

पुढची वाट सापडली ती खऱ्याखुऱ्या सापाच्या विषात. ब्राझीलमधल्या जरराका सापाच्या दंशाने रक्तदाब धाडकन कोसळतो. सर्जिओ फेरेरा या ब्राझिलियन संशोधकाने त्या विषातला अर्क लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत नेला. तिथे उमगलं की अँजिओटेन्सिनला कातरणारं फुप्फुसातलं विकर या अर्काने बंद पडतं. त्या धाग्यावरून स्क्विब कंपनीच्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ऑन्देती यांनी कॅप्टोप्रिल ही गोळी घडवली. १९८१ मध्ये तिला अमेरिकेत परवानगी मिळाली. एनालाप्रिल, रामिप्रिल तिच्याच धाकट्या बहिणी. यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, म्हणून साखळीचं पुढचं टोक पकडणाऱ्या गोळ्या आल्या: लोसार्टन, टेल्मिसार्टन. आज वाकडच्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर घटकाभर उभं राहिलं तर 'टेल्मा द्या' असं म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच. रोज ही गोळी घेणाऱ्यांपैकी ती किडनीच्या संप्रेरकाला अडवण्यासाठी आहे, हे किती जणांना डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. ते माहीत नसल्याचा तोटा या पट्ट्यात फार ठळकपणे दिसू शकतो.

कारण हा पट्टा अंगदुखीचा पट्टा आहे. लाइनवर आठ-आठ तास उभं राहणारे, प्रेस शॉपमध्ये जड सुटे भाग उचलणारे, संगणकासमोर मान खाली घालून बसणारे, वाकड ते चाकण रोज दुचाकीवर मणके मोजणारे. कंबर धरली, मान आखडली की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची पट्टी घेतली जाते. चिठ्ठी कोणी मागत नाही. ओटी असला की एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी.

इथे पुन्हा जॉन व्हेन भेटतात. अ‍ॅस्पिरिनच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या शरीरातले प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ बंद करतात, हे त्यांनीच १९७१ मध्ये दाखवलं. त्याच विषयातल्या कामाचं नोबेल त्यांना १९८२ मध्ये मिळालं. हे प्रोस्टाग्लँडिन किडनीही बनवते, आणि रक्त कमी पडू लागलं की त्यांच्या जोरावर गाळणीत शिरणारी रोहिणी उघडी ठेवते. गाळणीतून बाहेर पडणारी रोहिणी अँजिओटेन्सिन आवळून धरतं. आत येणारी वाट मोकळी, जाणारी अरुंद, म्हणून मधल्या गाळणीत दाब टिकतो आणि रक्त गाळलं जातं. आता एकाच माणसाने टेल्मिसार्टन घेतलं, सोबत बीपीसाठीच दिलेली लघवी वाढवणारी गोळी घेतली, आणि वर वेदनाशामक. आत येणारी वाट आवळली, जाणारी ढिली झाली, अंगातलं पाणीही कमी. गाळणं थांबू लागतं. मे महिन्यात भट्टीजवळ किंवा पत्र्याच्या शेडमध्ये घाम गाळणाऱ्याला, किंवा स्वच्छतागृह लांब म्हणून मुद्दाम कमी पाणी पिणाऱ्या महिला कामगाराला, हे आणखी लवकर गाठतं. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये ऊसतोडीच्या रानांत ऐन तरुणांच्या किडन्या निकामी होऊ लागल्या, तेव्हा संशयाची मुख्य सुई उष्णता आणि शरीर वारंवार सुकण्याकडेच गेली होती.

शिवाय वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठपाणी धरून ठेवतात आणि बीपीच्या गोळ्यांचा असर बोथट करतात. म्हणजे कंबरेची गोळी चालू, म्हणून बीपी उतरत नाही. बीपी उतरत नाही म्हणून बीपीची गोळी वाढते. आणि 'अजून टेन्शन आहे का?' हा प्रश्न विचारला जातो, 'अंगदुखीला काय घेता?' हा विचारला जात नाही.

किडनी स्वतः तक्रार करत नाही. दुखत नाही, ठणकत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढायला लागेपर्यंत कार्यक्षमता बरीच, अनेकदा निम्म्यापर्यंत, घटलेली असते. रक्तपेशी बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरकही किडनीचंच. ते कमी पडलं की रक्त कमी होतं, दम लागतो, थकवा येतो, आणि नाइट शिफ्ट करणारा माणूस त्याचा दोष झोपेला देतो. या सगळ्याच्या कितीतरी आधी एक खूण मिळू शकते: लघवीतून झिरपणारं अल्ब्युमिन. थोड्या रुपयांची पट्टी लघवीत बुडवली की त्याचा ढोबळ अंदाज येतो, आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर काढलं तर अगदी सुरुवातीची गळतीही सापडते. सापडली तर उपायही त्याच साखळीतला आहे: अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या गोळ्या बीपी उतरवतातच, शिवाय गळणाऱ्या किडनीची झीज मंदावतात. म्हणजे लघवीचा अहवाल पाहून बीपीचं औषध कोणतं द्यायचं, हेही बदलू शकतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ वर्षांवरच्या २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांना उच्च रक्तदाब आढळला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या 'इंडियाब' अभ्यासाचा प्रौढांचा आकडा तर ३५ टक्क्यांवर आहे. सरकार गप्प बसलंय असंही नाही. २०१७ मध्ये सुरू झालेला भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पहिल्या टप्प्यात ज्या पाच राज्यांत आला त्यांत महाराष्ट्र होता, आणि सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत मोजक्या, स्वस्त, ठरलेल्या गोळ्यांची साखळी पोचवली गेली. नोंद, पाठपुरावा, औषधाचा अखंड पुरवठा या साध्या गोष्टींनी बरंच साधलं. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. साताऱ्याच्या वाडीत जे जमतं ते हिंजवडीच्या शेजारी का जमू नये?

न जमण्याचं कारण बहुधा असं की इथली तपासणी वाटलेली आहे. कायम कामगाराची कंपनीच्या दवाखान्यात, महिना २१ हजारांच्या आतल्याची ईएसआयकडे, आयटीवाल्याची विम्याच्या पॅकेजमध्ये, आणि ठेकेदाराचा माणूस ठेकेदार बदलला की कुठल्याच वहीत नाही. आजार पुरता पिकल्यावर मात्र यातले बरेच जण पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या मोठ्या इस्पितळाच्याच पायऱ्या चढतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, हे चांगलंच. पण डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास यंत्राशी बांधलेलं आयुष्य. त्यात कुठल्या शिफ्टची नोकरी टिकते?

यावर आक्षेप येईल की प्रत्येकाच्या इतक्या तपासण्या करत बसलं तर प्रयोगशाळांचीच चांदी. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मागणी छोटी आहे. सरसकट सगळ्यांची रेनिनची पातळी मोजायची गरज नाही. ज्याचं बीपी जास्त निघालं त्याचं लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, वर्षातून एकदा. आणि वेदनाशामक गोळ्यांबद्दल एक सरळ प्रश्न. पोटॅशियम यासाठी की टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनी ते वाढू शकतं. बाजारात मिळणारं 'लो सोडियम' मीठ म्हणजे काही अंशी पोटॅशियम क्लोराइड. चीनमधल्या ६०० खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले, म्हणजे वस्तू उपयोगाची आहे. पण किडनी आधीच कमजोर असलेल्याने ते परस्पर सुरू केलं तर हृदयाची लय बिघडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. तपासल्याशिवाय कळायचं कसं, आपण कोणत्या गटात आहोत ते?

तरुणांचं वेगळं आहे. तिशीच्या आत बीपी १६०-१७० निघालं की 'आयटीची लाइफस्टाइल' म्हणून फाइल बंद करणं धोक्याचं. भारतात तरुण वयात, विशेषतः मुलींमध्ये, ताकायासू नावाच्या आजाराने मोठ्या रोहिण्यांना सूज येऊन किडनीकडची वाट अरुंद झालेली असू शकते; गोल्डब्लाटच्या चिमट्यासारखीच. अधिवृक्क ग्रंथी आपल्याच मर्जीने अल्डोस्टेरॉन ओतत असेल, तरी बीपी गोळ्यांना दाद देत नाही. अशांसाठी दोन्ही दंडांचं बीपी, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकलेला आवाज, किडनीच्या रोहिण्यांचा डॉप्लर आणि हो, रेनिन-अल्डोस्टेरॉनची चाचणी, हे सगळं हवं. यातल्या काहींचं बीपी मूळ दोष दुरुस्त केल्यावर उतरतं, कधी पूर्णपणे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांत चाळिशीपुढच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी देण्याची तरतूद आहे. चाळिशी हा उंबरठा उशिराचा आहे. चाकणच्या लाइनवर पंचविशीतली पोरं उभी असतात आणि त्यांतली कित्येक ठेक्यावर. तरी तरतूद आली आहे तर त्या तपासणीत नेमकं काय असावं, यावर कामगार संघटना, कंपन्यांचे वैद्यकीय अधिकारी आणि महापालिकेचा आरोग्य विभाग यांनी बोलायला हवं. नाहीतर वजन, उंची, साखर, बीपी आणि छातीचा एक्स-रे एवढ्यावर ठप्पा बसेल. बीपीच्या रकान्यात १५० च्या पुढचा आकडा लिहिला जाईल त्या प्रत्येक फॉर्मवर, त्याच दिवशी, लघवीचा नमुना घेतल्याची नोंद असायला हवी आणि त्याचा निकाल कामगाराच्या हातात, त्याला कळेल अशा मराठीत किंवा हिंदीत, पडायला हवा.